एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचाय? आधी तीस दिवस नीट मोजा
आपल्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा (आपण कोर्टात हजर नसताना लागलेला दाव्याचा निकाल) झालाय, हे बऱ्याच जणांना कळतं ते थेट बेलिफ जप्तीला दारात आल्यावर. मग नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात धावाधाव सुरू होते. खरं तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ९, नियम १३ मध्ये प्रतिवादीसाठी वाट ठेवलेली आहे. समन्स रीतसर बजावलं नव्हतं किंवा पुकाऱ्याच्या वेळी हजर न राहण्याला पुरेसं कारण होतं, यांपैकी एक गोष्ट पटवून द्यायची. ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला, अर्ज त्याच कोर्टात. फक्त आधी रोजनामा (दाव्यात कोणत्या तारखेला काय झालं याची कोर्टातली नोंद) बघून घ्या. निकाल बाकी असेल आणि दावा एकतर्फी चालवण्याचाच आदेश झाला असेल, तर नियम ७ चा अर्ज पुरतो.

अर्ज आपटतात ते मुदतीवर. मुदत ३० दिवस, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. समन्स रीतसर बजावलं नसेल तरच हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून. इथे लोक अर्जात ‘नुकतेच समजले’ असं मोघम लिहून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका. कोणत्या तारखेला कळलं, कशावरून कळलं, ते लिहा आणि दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाची) नोटीस किंवा बँकेचं पत्र जोडा.

दुसरी चूक नकलेची. अपिलात प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, पण या अर्जाला ती सवलत नाही. नक्कल विभागातून कागद येईपर्यंत थांबलात तर ते दिवस तुमच्याच खात्यातून जातात. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरून आदेशाची प्रत काढून अर्ज दाखल करा, प्रमाणित नक्कल मागाहून जोडा. मुदत टळलीच असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज द्या आणि त्यात उशिराचा सगळा काळ झाकला जाईल असं कारण द्या.

समन्सचं काय झालं हे तुमच्या आठवणीवर ठरत नाही, बेलिफाच्या अहवालावर ठरतं. म्हणून दाव्याच्या फाइलची पाहणी आधी करा. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा पोस्टाचा शेरा असेल तर कोर्ट बजावणी झाली असं धरू शकतं. सोबत राहणाऱ्या सज्ञान कुटुंबीयाने घेतलेलं समन्सही चालतं, नोकराने घेतलेलं नाही. वर्तमानपत्रात जाहीर समन्स देऊन निकाल झाला असेल, तर मुदतीपुरती ती रीतसर बजावणी धरत नाहीत. तिथे ३० दिवस कळल्यापासून मोजतात. मात्र बजावणीत नुसती खोट काढून भागत नाही. तारीख तुम्हाला माहीत होती आणि यायला पुरेसा वेळ होता असं दिसलं, तर अर्ज फेटाळला जातो.

सगळ्यात जास्त नडतो तो पत्त्याचा पुरावा. महालातलं घर सोडून बेसा किंवा मनीषनगरला राहायला गेलेल्या माणसाचं समन्स जुन्याच पत्त्यावर जातं आणि आधारवरही तोच जुना पत्ता असतो! अशा वेळी नव्या घराचा भाडेकरार, त्या काळातली वीजबिलं, मुलांच्या शाळेचे कागद गोळा करा. आजारपण सांगायचं तर नंतर आणलेल्या डॉक्टरी दाखल्यापेक्षा त्याच तारखांचं डिस्चार्ज कार्ड उपयोगी पडतं.

वकालतनामा, शपथपत्र, कोर्ट फी हे नेहमीचंच. लघुवाद न्यायालयाचा (लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या कोर्टाचा) एकतर्फी हुकूमनामा असेल तर मात्र सावध राहा: प्रांतिक लघुवाद न्यायालये अधिनियम, १८८७ च्या कलम १७ प्रमाणे अर्ज देतानाच हुकूमनाम्याची रक्कम भरावी लागते किंवा तारणासाठी कोर्टाची आधी परवानगी घ्यावी लागते. नंतर भरू म्हटलं तर अर्जच टिकत नाही.

आणि नुसता अर्ज दिला म्हणून जप्ती थांबत नाही. स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी द्या. अर्ज मंजूर करताना कोर्ट खर्च किंवा काही रक्कम भरायला सांगू शकतं, त्याची तयारी ठेवा. दाव्याला तुमचं उत्तर म्हणून द्यायचा लेखी जबाबही तयार असू द्या, कारण मंजुरीनंतर दावा पुन्हा चालतो. अर्ज फेटाळला तर त्या आदेशावर अपील होतं. मूळ हुकूमनाम्यावरही अपील करता येतं, पण त्याचा निकाल आधी लागला तर नियम १३ ची वाट बंद होते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना तिथे उत्पन्नाची अट नाही.