एम्बेडेड कोडचे स्वयंचलित दस्तऐवजीकरण : मर्यादा

मायक्रोकंट्रोलरसाठी (उपकरणांत बसवलेल्या छोट्या संगणक-चिपसाठी) लिहिलेला कोड व त्यातील कॉमेंट वाचून संदर्भपुस्तिका तयार करणाऱ्या साधनांचे अपुरेपण. येथील विवेचन मुख्यतः सी भाषा आणि डॉक्सिजन हे साधन यांपुरते आहे.

या साधनांचे मूळ कोणते, याबद्दल दोन मते आढळतात. एक मत ते डॉनल्ड नूथ यांच्या ‘वेब’पर्यंत नेते. टेक ही अक्षरजुळणी-प्रणाली लिहिताना नूथ यांनी वेब घडवली आणि १९८४ मध्ये ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ या लेखात तिच्यामागचा विचार मांडला. मात्र तेथे माणसासाठी लिहिलेले निरूपण मुख्य असून कोड त्यातून वेगळा काढला जातो. आजच्या साधनांत क्रम नेमका उलटा आहे. त्यामुळे जावासोबत १९९०च्या दशकाच्या मध्यास आलेले जावाडॉक आणि सी++ साठीचे डॉक++ यांना पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दिमित्री फान हीश यांच्या डॉक्सिजनची पहिली आवृत्ती १९९७ची. तिच्यात डॉक++चा काही कोड घेतला होता; पुढे तो जवळजवळ सगळा नव्याने लिहिला गेला.

डॉक्सिजन कोड वाचते. तो चालवत नाही, लिंकही (वेगवेगळे भाग जोडून एक प्रोग्रॅम बनवणे) करत नाही. एम्बेडेड कोडमध्ये अडते ते इथेच. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर-मालिकेत इंटरप्ट (चालू काम थांबवायला लावणारा संकेत) आल्यावर कोणते फंक्शन, म्हणजे इंटरप्ट हँडलर, चालवायचे, हे व्हेक्टर टेबल ही पत्त्यांची यादी ठरवते. हे टेबल बहुधा असेंब्ली या प्रोसेसरच्या जवळच्या भाषेतील स्टार्टअप फाइलमध्ये असते आणि असेंब्ली डॉक्सिजनला वाचता येत नाही. परिणामी कॉल-आलेखात (कोणते फंक्शन कोणाला बोलावते याच्या आकृतीत) इंटरप्ट हँडलरला कोणीच बोलावत नाही असे दिसते, आणि नवा माणूस तो निरुपयोगी समजून काढून टाकू शकतो. याची उलट बाजू जास्त घातक आहे. हँडलरच्या नावात एका अक्षराची चूक झाली तरी कोड सहसा बिनतक्रार कंपाइल होतो. लिंकर त्या जागी ‘वीक’ (दुसरा न सापडल्यास वापरायचा) म्हणून दिलेला डीफॉल्ट हँडलर बसवतो आणि इंटरप्ट आला की प्रोसेसर बहुधा अनंत लूपमध्ये अडकतो. पुस्तिकेत मात्र चुकलेल्या नावाचे फंक्शन सुबक वर्णनासह छापलेले असते.

रजिस्टरांचे (चिपचे भाग ज्यांतून वाचले व हाताळले जातात त्या जागांचे) वर्तनही कोडच्या व्याकरणात नसते. एसटीएम३२एफ४ मध्ये यूएसएआरटी या सिरियल संप्रेषणाच्या भागाची ओव्हररन त्रुटी (आधीचा डेटा वाचण्यापूर्वीच नवा येणे) पुसण्यासाठी आधी स्टेटस आणि मग डेटा रजिस्टर वाचावे लागते. कोडमध्ये दिसते ती वाचलेली किंमत टाकून देणारी एक ओळ. तिचे कारण चिपच्या संदर्भपुस्तिकेत असते. ते कोणी फंक्शनच्या आत साध्या कॉमेंटमध्ये लिहिले, तरी डॉक्सिजन अशी कॉमेंट वर्णनात घेत नाही.

एकाच कोडमधून अनेक बोर्डांचे फर्मवेअर निघते, तेव्हा प्रीप्रोसेसरच्या (कंपाइल होण्याआधी कोडचे भाग निवडणाऱ्या टप्प्याच्या) अटींतील एकच शाखा पुस्तिकेत येते. डॉक्सिजनच्या ‘प्रीडिफाइन्ड’ सेटिंगमध्ये योग्य मॅक्रो (त्या अटी ठरवणारी नावे) दिले नाहीत, तर दुसऱ्या बोर्डाची फंक्शने गायब होतात. फंक्शन पॉइंटरमधून (फंक्शनचा पत्ता साठवणाऱ्या चलातून) होणारे कॉलही आलेखातून निसटतात.

 

फंक्शनला लागणारा वेळ आणि लिंकर स्क्रिप्टने ठरवलेली मेमरीतील जागा या गोष्टी अशा पुस्तिकांत आपोआप येत नाहीत. विमानांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८सी (२०११) या मानकानुसार कोड कोणत्या आवश्यकतेतून आला हे दाखवावे लागते. तो दुवा प्रोग्रॅमरने स्वतः लिहिला असेल, तरच डॉक्सिजन तो छापते.