सरकारी कार्यक्रमाच्या पाससाठी दिलेल्या आधारच्या झेरॉक्सचे पुढे काय? सोलापूरकरांसाठी अर्जाची माहिती

जानेवारीत सोलापुरात कार्यक्रमांची नुसती रांग लागते. १२ तारखेचा हुतात्मा दिन, पाठोपाठ सिद्धेश्वर महाराजांची गड्डा यात्रा, मग २६ जानेवारीचे ध्वजवंदन. मध्येच एखादे मंत्री लोकार्पणाला आले की पासांची धावपळ वेगळीच. नाव, पत्ता, मोबाइल, आधारची झेरॉक्स, दोन फोटो असे सगळे मागतात आणि आपण मुकाट्याने देतो, कारण पास हवा असतो. मंडप निघतो, खुर्च्या टेम्पोत चढतात. कागद मात्र कुठल्या तरी कपाटात आणि त्यांची यादी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये राहते. या माहितीबद्दल कोणाला विचारायचे, काय मागायचे आणि अर्जाला काय जोडायचे, ते पुढे दिले आहे.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा

मोठ्या पाहुण्यांचा कार्यक्रम असेल तर निमंत्रितांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयात तयार होते, नाहीतर ज्याचा कार्यक्रम त्या कार्यालयात: महापालिका, जिल्हा परिषद, विद्यापीठ वगैरे. सुरक्षेसाठी ती पोलिसांकडे जाते. शहरातला कार्यक्रम असेल तर पोलीस आयुक्तालयाकडे. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट अशा ठिकाणचा असेल तर सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. पास छापणारा, क्यूआर कोड बनवणारा, गेटवर स्कॅन करणारा पुष्कळदा खासगी ठेकेदार असतो. एक झेरॉक्स अशी तीन-चार हातांतून फिरते.

तरी अर्ज एकाच ठिकाणी करायचा: ज्या कार्यालयाने निमंत्रण दिले किंवा फॉर्म भरून घेतला, तिथे. ‘ते काम एजन्सीचे होते, त्यांना विचारा’ हे उत्तर ऐकून माघारी येऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये स्पष्ट आहे, की माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो तोच जबाबदार. काम ठेकेदाराला दिले तरी जबाबदारी त्याच्याबरोबर जात नाही.

कायदा आज कुठवर आला आहे

या अधिनियमाला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. या कायद्याखालच्या तक्रारी पाहणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या तरतुदी लगेच लागू झाल्या. संमती, सूचना, सुरक्षा आणि नागरिकांचे हक्क या आपल्या कामाच्या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे त्या मे २०२७ मध्ये लागू होतील.

त्यानंतर फॉर्म भरून घेताना कोणती माहिती, कशासाठी घेतो हे सांगावे लागेल, आणि ती सूचना मराठीतही वाचण्याची सोय द्यावी लागेल, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांचा पर्याय कायद्याने दिला आहे. संमती उद्देशापुरतीच धरली जाईल. खुर्चीच्या पाससाठी जात किंवा वार्षिक उत्पन्न विचारणाऱ्या फॉर्मला तेव्हा उत्तर द्यावे लागेल. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना विनाविलंब कळवायचे आणि मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. हा आकडा वाचून कुणी हुरळून जाऊ नये. दंड सरकारी तिजोरीत जमा होतो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही मिळत नाही.

आता खरी मेख. ‘काम झाले, आता माझी माहिती पुसून टाका’ असे खासगी कंपनीला सांगता येईल, सरकारी कार्यालयाला नाही. कलम १७(४) ने राज्यसंस्थेला माहिती पुसण्याच्या बंधनातून वगळले आहे. पोलिसांकडे गुन्हे रोखण्यासाठी गेलेल्या माहितीला तर आणखी सवलती आहेत. त्यामुळे ‘माझा डेटा डिलीट करा’ अशा मथळ्याचा अर्ज उद्याही फारसा चालणार नाही. सरकारी दप्तरात कागद नाहीसा होण्याचा रस्ता वेगळा आहे: अभिलेख वर्गीकरण आणि निंदणीकरण, म्हणजे कागदांचे वर्ग पाडणे आणि मुदत संपलेले छाटून नष्ट करणे. नस्तीला (फाइलला) अ, ब, क किंवा ड वर्ग मिळतो. ‘अ’ची कायम जपायची, ‘ड’ची काम संपल्यावर थोड्या काळात नष्ट करायची. पासच्या अर्जांचा गठ्ठा कोणत्या वर्गात टाकला आणि तो कधी नष्ट होणार, हा प्रश्न कारकुनाला लगेच कळतो, कारण तो त्याच्याच भाषेतला आहे. माझे मत विचाराल तर सगळा जोर या प्रश्नावर लावावा.

आणखी एक. २०२३ चा कायदा फक्त डिजिटल माहितीचा आहे. गेटवरचे रजिस्टर, ज्यात आपण सही करताना आधीच्या वीस जणांची नावे आणि मोबाइल नंबर आरामात वाचता येतात, ते वहीतच आहे तोवर या कायद्यात बसत नाही. कुणी ते एक्सेलमध्ये टाइप केले किंवा पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की बसते. आधारचे मात्र स्वतंत्र आहे. आधार अधिनियम, २०१६ चे कलम २९ आधार क्रमांक जाहीरपणे लावायला किंवा प्रसिद्ध करायला मनाई करते, आणि ते आजही लागू आहे. निमंत्रितांची यादी आधार क्रमांकासकट नोटीस बोर्डावर किंवा संकेतस्थळावर दिसली तर तेवढ्या एका मुद्द्यावर तक्रार करता येते.

कोण अर्ज करू शकतो

माहितीच्या अधिकाराचा अर्ज फक्त भारतीय नागरिक करू शकतो. साध्या अर्जाला असे बंधन नाही. परिषदेला आलेला परदेशी प्राध्यापकही विद्यापीठाला पत्र देऊ शकतो, आणि २०२३ च्या कायद्यातले हक्कही नागरिकत्वावर अवलंबून नाहीत. अठरा वर्षांखालील मुलांसाठी आई-वडील अर्ज करतात. संचलनात, समूहगीतात शाळेची मुले असतात, त्यांची जन्मतारखेसह यादी शाळेमार्फत जाते. अशा वेळी शाळा आणि आयोजक कार्यालय दोघांनाही पत्र द्यावे.

तुम्ही पाहुणे होतात की लाभार्थी, हेही पाहा. ‘शासन आपल्या दारी’सारख्या कार्यक्रमात एकाच मंडपात दोन्ही असतात. दाखला, अनुदान किंवा योजनेचा लाभ घ्यायला दिलेल्या माहितीसाठी सरकारला वेगळ्या संमतीची गरज पडेलच असे नाही, आणि त्या नस्तीही लेखापरीक्षणासाठी जास्त काळ ठेवाव्या लागतात. नुसते कार्यक्रमाला बसायला दिलेल्या माहितीचे तसे नाही.

पहिली पायरी: साधा अर्ज

कोऱ्या कागदावर, स्टॅम्पशिवाय. कार्यक्रमाचे नाव, तारीख, ठिकाण, आपण काय-काय दिले आणि कोणाकडे दिले, एवढे लिहा. मग तीन गोष्टी मागा: माझी माहिती अन्य कोणाला दिली असल्यास कळवावे, चुकीची असल्यास दुरुस्त करावी, आधारची प्रत नस्तीत ठेवण्याची गरज नसल्यास परत द्यावी किंवा तिच्यावरचे पहिले आठ अंक खोडावेत. जोडायचे काय, तर पास किंवा निमंत्रणपत्रिकेची प्रत, ऑनलाइन फॉर्म असेल तर त्याचा स्क्रीनशॉट, आलेला एसएमएस. ओळखीसाठी पुन्हा आधारच जोडणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना द्या.

अर्ज टपाल शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेब मीटिंगला आहेत, ठेवून जा’ म्हणतात, तेव्हा ठेवायला हरकत नाही, पण पोच घेऊन. जाणे जमत नसेल तर स्पीड पोस्ट. राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

दुसरी पायरी: माहितीचा अधिकार

साध्या अर्जाला उत्तर आले नाही, किंवा गोलमोल आले, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ चा अर्ज. तो जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण त्याचा पुरावा जोडावा लागतो. राज्याच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. माहिती कशाला हवी हे सांगण्याची सक्ती नाही. कुणी विचारले तर नम्रपणे कलम ६(२) दाखवा.

एक सावधगिरी इथे फार महत्त्वाची. २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या कारणावरून नकार देणे सोपे झाले आहे. (नागरिकांच्या माहितीचे रक्षण करणाऱ्या कायद्याचा पहिला फायदा माहिती नाकारणाऱ्यांना व्हावा, याला काय म्हणावे!) तेव्हा निमंत्रितांची यादी मागू नका, नकार ठरलेला आहे. माणसांविषयी न विचारता कारभाराविषयी विचारा. आणि ‘का’ने सुरू होणारा प्रश्न टाळा, हा कायदा दप्तरी असलेला कागद मिळवून देतो, खुलासा नाही. मजकूर साधारण असा:

*विषय: दि. ____ रोजी ____ येथील कार्यक्रमाच्या निमंत्रितांकडून घेतलेल्या माहितीचे अभिलेख.*

*१) पाससाठी आधार प्रत व छायाचित्र घेण्याबाबतचा आदेश, परिपत्रक किंवा टिपणी यांची प्रत.*

*२) सदर माहिती ज्या कार्यालयांना व खासगी संस्थांना पाठवली त्यांची नावे व पाठवल्याच्या पत्रांच्या प्रती (निमंत्रितांची नावे वगळून).*

*३) पास छपाई व नोंदणीच्या कार्यादेशातील गोपनीयतेच्या अटींची प्रत.*

*४) सदर नस्तीचे अभिलेख वर्गीकरण (अ/ब/क/ड) व नष्ट करण्याचा दिनांक, नष्ट केली असल्यास त्या आदेशाची प्रत.*

*५) अर्जदाराच्या स्वतःच्या नोंदीची प्रत.*

तिसऱ्या मुद्द्यावर बारीक लक्ष ठेवा. कार्यादेशात, म्हणजे ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या आदेशात, मंडपाची फुटे, खुर्च्यांची संख्या, जनरेटरचे डिझेल सगळे लिहिलेले असते. पाहुण्यांची माहिती काम झाल्यावर परत करायची किंवा नष्ट करायची, ही एक ओळ त्यात आहे का, तेवढे पाहायचे. नसेल तर पुढच्या कार्यक्रमाआधी ती घाला, असे निवेदन देता येते, आणि त्याला हातातल्या कागदाचा आधार असतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायची जबाबदारी त्यांची. प्रतींना पानाला २ रुपये. पोलिसांच्या सुरक्षा आराखड्याशी जोडलेला भाग मिळणार नाही, त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र ‘ब’, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील. सोलापूर जिल्ह्याची अपिले राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जातात. तिथे वेळ लागतो, हे धरूनच चला. म्हणूनच पहिल्या अर्जाची भाषा नेमकी हवी.

फसवणुकीचा फोन आला तर

कार्यक्रमानंतर ‘तुमचा सत्कार ठरला आहे’, ‘योजनेत नाव आले आहे, ओटीपी सांगा’ असे फोन येऊ लागले तर वरच्या पायऱ्यांची वाट पाहू नका. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणे अवघड. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा आपल्या हद्दीप्रमाणे शहर वा ग्रामीणच्या सायबर पोलीस ठाण्यात. सोबत बँकेचे स्टेटमेंट, फोनच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आणि साध्या अर्जाची पोच असलेली प्रत न्या. आधारचा वापर कुठे झाला याची गेल्या सहा महिन्यांची नोंद आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते, बायोमेट्रिक लॉकही तिथेच करता येते. शंका असेल तर आधारची हेल्पलाइन, १९४७.

पुढच्या वेळी पास काढताना

पूर्ण आधार देण्याऐवजी मास्क्ड आधार द्या. डाउनलोड करताना तो पर्याय निवडला की फक्त शेवटचे चार अंक दिसतात. झेरॉक्सवर पेनने आडवे लिहा: ‘फक्त अमुक तारखेच्या अमुक कार्यक्रमाच्या पाससाठी’, आणि खाली सही, अक्षरे फोटोवरून आणि पत्त्यावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलेले कापून टाकता येते. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल दुकानदाराच्या संगणकावर तशीच राहते, ती समोर उभे राहून पुसायला लावा. फॉर्ममधल्या तारांकित नसलेल्या रकान्यांना हात लावू नका.

आषाढीला पंढरपुरात शासकीय महापूजेसाठी दर्शनरांगेतून मानाचे वारकरी निवडले जातात आणि सकाळ व्हायच्या आत त्यांचे नाव-गाव राज्यभर पोचते. तो मानच आहे, त्यात कुणाचे काही जात नाही. पण त्यांचा मोबाइल नंबर आणि आधार त्याच बातमीबरोबर फिरण्याचे काही कारण नाही. सत्कारमूर्तींची माहिती पत्रकारांना देताना कोणते रकाने वगळायचे, हे आयोजक कार्यालयाने आधी लिहून ठेवावे, अशी मागणी साध्या अर्जात एका ओळीने करता येते.