भयमुद्रा (युरोपीय मुद्राचित्रांतील)

भीती व थरकाप दाखवणाऱ्या चेहऱ्यांचे मुद्राचित्रांतील, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांतील, रेखाटन. नाट्यशास्त्राने भयानक रसाच्या अनुभावांत (भाव दाखवणाऱ्या बाह्य खुणांत) हातापायांचा कंप, रोमांच आणि चंचल डोळ्यांबरोबर चेहऱ्याचा रंग उडणेही सांगितले आहे. काळ्या शाईच्या छापात नेमका हा रंगच नसतो. त्यामुळे भीतीचा सगळा भार भुवया, डोळे, तोंड आणि केस यांवर येतो. डोळ्यांचा पांढरा भाग म्हणजे कोरा सोडलेला कागद. भोवतालच्या दाट रेघांमुळे तो आणखी विस्फारलेला वाटतो.

डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३० मध्ये अम्लरेखन तंत्राने (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून) स्वतःचाच दचकलेला चेहरा काढला. टोपी, वटारलेले डोळे, अर्धवट उघडे ओठ, एवढेच त्यात आहे. चित्राची उंची जेमतेम ५ सेंटिमीटर, पण तेवढ्या जागेत नजर अंगावर येते.

या विषयाला नियमांत बसवले ते शार्ल ल ब्रँ (१६१९–९०) याने. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या या दरबारी चित्रकाराने १६६८ मध्ये पॅरिसच्या राजाश्रित चित्र-शिल्प अकादमीत भावदर्शनावर व्याख्यान दिले. आत्मा मेंदूतील एका ग्रंथीतून शरीरावर काम करतो, हे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे मत त्याने आधाराला घेतले आणि मेंदूच्या सर्वांत जवळची म्हणून भुवई हीच मनाची खरी खूण ठरवली. त्याच्या वर्णनात भ्यालेल्या माणसाची भुवई मध्यभागी खूप उंचावते, नाकपुड्या वर ओढल्या जातात, वरची पापणी भुवईखाली दडते, बुबुळ सैरभैर होते, तोंड आ वासते आणि केस ताठ उभे राहतात. किळसमिश्रित थरकापात मात्र भुवई आठी घालून खाली येते आणि तोंड अर्धवटच उघडते. हा फरक त्याने फार बारकाईने टिपला आहे. ग्रंथीचा सिद्धान्त मागे पडला तरी हे निरीक्षण उपयोगाचे राहिले. १६९८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, बेर्नार पिकारच्या कोरीव चित्रांसह हे व्याख्यान छापले गेले. पुढे अशी मस्तके कित्ता म्हणून गिरवली जाऊ लागली.

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने नट डेव्हिड गॅरिकला शेक्सपिअरच्या नाटकातील तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत, दुःस्वप्नातून खडबडून उठताना रंगवले. त्याचे कोरीव चित्र १७४६ मध्ये निघाले. फाकलेली बोटे, पुढे आलेला तळहात आणि ताणलेले डोळे पाहता रंगभूमीचा अभिनय आणि चित्रकाराचा कित्ता येथे एक झालेले दिसतात.

स्पॅनिश चित्रकार गोयाने मात्र कित्ता सोडला. १७९९ च्या ‘काप्रिचोस’ या मुद्राचित्र-मालिकेतील तिसऱ्या चित्रात बागुलबुवा वस्त्र पांघरून पाठमोरा उभा आहे. त्याचा चेहरा दिसतच नाही. दिसतात ती आईला बिलगून किंचाळणारी मुले. भीतीचे कारण झाकून ठेवल्याने ती वाढते, हे या चित्राइतके थेट क्वचितच कोणी दाखवले असेल.

फ्रेंच वैद्य द्युशेन याने वृद्ध रुग्णाच्या चेहऱ्याचे स्नायू विजेने आकुंचित करून छायाचित्रे काढली व ती १८६२ मध्ये प्रसिद्ध केली. १८७२ मध्ये चार्ल्स डार्विनने भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात थरकाप व वेदना दाखवणारे त्यांतील एक छायाचित्र काष्ठठशावर उतरवून छापले, तेव्हा विजेची उपकरणे वगळली गेली. याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने ल ब्रँच्या व्याख्यानाची दखल घेऊन त्यातील काही निरीक्षणे चांगली असल्याचे नमूद केले आहे.