कुत्र्याच्या पिल्लाचे प्रशिक्षण

कुत्र्याचे पिल्लू घरी आल्याच्या दिवसापासून, म्हणजे साधारण आठव्या आठवड्यापासून, त्याला माणसांच्या वस्तीत वावरायला शिकवणे. ‘बस’, ‘थांब’ हे हुकूम त्यातला लहानसा भाग. मोठा भाग सवयींचा असतो: शी-शू कुठे करायची, दात कशात रुतवायचे, लिफ्टच्या दाराला आणि ढोलाला बुजायचे नाही, घरात कोणी नसेल तर गुमान झोपायचे. ठाणे आणि नवी मुंबईत असंख्य पाळीव कुत्री सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये वाढतात, त्यामुळे आवारात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याला जे आपोआप जमते ते इथे शिकवावे लागते. ‘सहा महिन्यांचे झाले की ट्रेनर लावू’ असे अजूनही सर्रास म्हटले जाते. तोवर मुख्य काळ निघून गेलेला असतो.

वयाचा हिशेब

पिल्लाचे डोळे दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि कान तिसऱ्या आठवड्यात उघडतात. तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ समाजीकरणाचा मानला जातो. या काळात जे दिसते, ऐकू येते, पायाला लागते ते ‘रोजचेच’ म्हणून मनात बसते. नंतर भेटणाऱ्या नव्या गोष्टीकडे पिल्लू आधी संशयाने पाहते. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनामुळे ही कल्पना पक्की झाली.

यातले पहिले आठवडे आई-भावंडांचे. जोरात चावले की भावंड किंचाळते आणि खेळ थांबतो. जबडा किती दाबायचा हे पिल्लू तिथेच शिकते. भारतात २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. रस्त्यावरून उचलून आणलेली देशी पिल्ले पुष्कळदा पाच-सहा आठवड्यांचीच असतात. त्यांचे चावणे अधिक जोराचे असते ते जातीमुळे नव्हे, हा धडा अर्धवट राहिल्यामुळे.

खरी अडचण लसीकरणाची. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांविरुद्धच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. ‘डोस पूर्ण होईपर्यंत खाली नेऊ नका’ हा सल्ला शब्दशः पाळला तर समाजीकरणाचा सगळा काळ चार भिंतींत जातो. शिवाय मे महिन्यात जन्मलेले पिल्लू जुलैत घरी येते, म्हणजे ऐन पावसात. मार्ग सोपा आहे: पिल्लाला खाली न्यावे, पण जमिनीवर सोडू नये. कडेवर किंवा झोळीत घेऊन रोज दहा-पंधरा मिनिटे पार्किंगमध्ये, गेटवर किंवा पोडियमवर उभे राहावे. रेनकोटातला वॉचमन, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, उघडणारी छत्री, घंटागाडी, काठी टेकत चालणारे आजोबा हे सगळे लांबून दाखवावे आणि प्रत्येक वेळी खाऊ द्यावा. लस झालेल्या, शांत स्वभावाच्या ओळखीच्या कुत्र्याशी घरात गाठ घालून द्यायला हरकत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वावर असलेली माती आणि साचलेले पाणी मात्र टाळावे. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो.

आवाजांची तयारी सणांच्या आधी करावी लागते. ठाण्यात दहीहंडीचे स्पीकर, मग गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके असा तीन महिन्यांचा सलग मारा असतो. फोनवर ढोलाचे रेकॉर्डिंग अगदी हळू लावून पिल्लाला जेवण द्यावे आणि काही दिवसांच्या अंतराने आवाज चढवत न्यावा. पिल्लाने खाणे थांबवले, कान मागे टाकले किंवा जांभया सुरू केल्या तर आवाज झेपत नाही असे समजून खाली आणावा. ‘सवय होईल’ म्हणून मिरवणुकीत नेणे म्हणजे भीती कायमची पक्की करणे.

शी-शू

घोडबंदर रोडवरच्या विसाव्या मजल्यावरून लिफ्टची वाट पाहत खाली जाईपर्यंत दोन महिन्यांचे पिल्लू थांबू शकत नाही. ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवून येतील तितके तास ही त्याची कमाल मर्यादा, आणि तीही झोपेत, जागेपणी ती बरीच कमी. म्हणून घरातच एक जागा ठरवावी. बाथरूमची जाळीजवळची बाजू किंवा ड्राय बाल्कनीतला कृत्रिम गवताचा ट्रे उत्तम. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यानंतर पाच ते वीस मिनिटांत आणि खेळ संपल्यावर पिल्लाला तिथे न्यावे, गप्प उभे राहावे आणि काम झाल्याच्या क्षणी खाऊ द्यावा. खाऊ बाहेर हॉलमध्ये येऊन दिला तर तो हॉलमध्ये येण्याचा होतो.

कापडी पॅडवर शिकलेले पिल्लू पायपुसणे आणि गालिचाही तसाच वापरू लागते, कारण पायाला दोन्ही सारखेच लागतात. वर्तमानपत्र किंवा गवताचा ट्रे बरा. बाहेरची सवय लावताना लघवीने ओला झालेला कागदाचा तुकडा खाली नेऊन ठरलेल्या जागी ठेवला की वासावरून लवकर उमगते. भर पावसात मात्र अनेक कुत्री ओल्या जमिनीवर बसायला सपशेल नकार देतात, त्यामुळे बाथरूममधली जागा मोडू नये.

डाग अमोनिया असलेल्या द्रावणाने पुसला तर लघवीसारखाच वास राहतो आणि पिल्लू पुन्हा तिथेच जाते. फिनाईल चाटले गेल्यास विषारी. एन्झाइमयुक्त क्लीनर वापरावा. नाक लघवीत घासण्याची शिक्षा अजूनही काही घरांत दिली जाते. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करते आणि खाली फिरायला नेले तरी मालकापुढे रोखून धरते. पिल्लाला सुरुवातीला पूर्ण घर मोकळे सोडणे ही दुसरी चूक. पहिले काही आठवडे नजरेसमोर किंवा एकाच खोलीत ठेवावे.

चावणे

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून ४२ कायमचे येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. ओला करून फ्रीजरमध्ये गार केलेला जाड नॅपकिन किंवा रबरी खेळणे द्यावे. हातावर दात रुतले की हात न झटकता खेळ थांबवून अर्धा मिनिट उठून जावे. झटकलेला हात पिल्लाला शिकार वाटतो, आणि किंचाळत पळणारी मुले त्याहून जास्त. तोंडातली चप्पल ओढून घेऊ नये. खाऊ पुढे करून अदलाबदल करावी. ओढाओढीतूनच पुढे वस्तूवर गुरगुरण्याची सवय लागते.

हुकूम

तीन ते पाच मिनिटांचा सराव, दिवसातून तीन-चार वेळा, जेवणाआधी. खाऊ वाटाण्याएवढा: उकडलेले चिकन, पनीर, गाजर. मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि कांदा विषारी आहेत. ‘बस’साठी खाऊ नाकापासून डोक्यावरून मागे न्यावा, मान वर गेली की मागचा भाग आपसूक टेकतो. टेकला त्या क्षणी ‘शाब्बास’ आणि खाऊ. हात फार उंच गेला तर पिल्लू उडी मारते. हुकूम एकदाच द्यावा. ‘बस, बस, अरे बस ना’ असे म्हटले की तिसऱ्या ‘बस’लाच बसायचे असा त्याचा समज होतो.

इथल्या घरांत भाषांचाही घोळ असतो: आजी ‘बस’ म्हणते, मुले ‘सिट’, कामाला येणाऱ्या मावशी ‘बैठो’. शब्द कोणताही चालेल, पण सगळ्यांनी एकच वापरावा आणि तो फ्रिजवर लिहून ठेवावा. ‘ये’ म्हणून बोलावून आंघोळ घालू नये की रागावू नये. ते करायचे असेल तर आपण पिल्लाकडे जावे.

लिफ्ट, जिना, रस्ता

लिफ्टमधला सर्वांत मोठा धोका पट्ट्याचा. पिल्लू बाहेर राहिले आणि दार मिटले, किंवा उलट झाले, तर ते पट्ट्याला लटकून जीव जाऊ शकतो. लांबी कमी-जास्त होणारा पट्टा इथे अजिबात नको. चार ते सहा फुटांचा साधा पट्टा आखडून धरावा, दार ओलांडताना पिल्लू पायालगत किंवा कडेवर असावे. आत गेल्यावर कोपऱ्यात, भिंत आणि आपला पाय यांच्यामध्ये बसवावे आणि आधी लोकांना उतरू द्यावे. नवी मुंबईतल्या सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत लहान पिल्लाला जिन्यावरून उचलून न्यावे. घसरडे जिने रोज उतरणे वाढत्या सांध्यांना मानवत नाही.

एप्रिल-मेमध्ये डांबर आणि पेव्हर ब्लॉक दुपारनंतरही तापलेले असतात. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही भाजतील. भटक्या कुत्र्यांच्या हद्दीत धावू नये, वळसा घ्यावा. येऊरच्या जंगलाकडे कुत्र्याला नेऊच नये. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्री असतात.

एकटे राहणे

दोघे नोकरीला जाणाऱ्या घरात भुंकण्याची तक्रार सेक्रेटरीकडे जाते ती पिल्लाला एकटे राहायला शिकवलेले नसते म्हणून. चावी वाजवून बाहेर पडावे, दहा सेकंदांत परत यावे. मग मिनिट, पाच मिनिटे असे वाढवावे. येता-जाता लाडाचा सोहळा करू नये. पिल्लासाठी आठवडाभर रजा काढून सतत जवळ बसणे आणि सोमवारी एकदम नऊ तास बंद ठेवणे हा सर्वांत खात्रीचा बिघाड. भुंकण्याच्या तक्रारीवरून किंवा ठराव करून सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र मात्र मालकाकडे असायला हवे.

सहाव्या महिन्यानंतर वयात येताना शिकलेले कुत्रेही ‘ये’ ऐकेनासे होते. हा काळ मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत लांबतो. तेव्हा शिक्षा न वाढवता पुन्हा लहान खोलीतून, जास्त खाऊ देऊन सुरुवात करावी, आणि मोकळ्या मैदानात दहा मीटरची दोरी बांधूनच बोलवावे.