पेपरातल्या फोटोंचं हाताने रिटचिंग

फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं, पण पेपरच्या ऑफिसात फोटोवर रंग लावायचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालायचं, आणि तेही लपूनछपून नाही, पगारी आर्टिस्ट ठेवून. छापायला देण्याआधी प्रिंटवर ब्रश, एअरब्रश, पांढरा-करडा-काळा अपारदर्शक वॉटरकलर आणि ब्लेड वापरून केलेले बदल म्हणजे रिटचिंग. हे सगळं फसवायलाच करायचे असा समज आहे, तो मला पटत नाही.

खरं कारण छपाईत आहे. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'ने ४ मार्च १८८० ला झोपडपट्टीचा एक फोटो हाफटोनने छापला, म्हणजे जाळीतून फोटोचे लहानमोठे ठिपके करून. पुढे हे ठिपके जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने कोरायची पद्धत रुळली, आपल्याकडे छापखान्यात त्यालाच ब्लॉक म्हणायचे. न्यूजप्रिंट खरखरीत, त्यावर शाई पसरते, म्हणून पेपरची जाळी जाड ठेवायची, इंचाला साधारण ६५ रेघा, आणि मग काळ्या कोटातला माणूस काळ्या पडद्यासमोर असला की छापल्यावर नुसतं डोकं तरंगताना दिसायचं. आर्टिस्ट मग खांद्याभोवती करडी रेघ ओढायचा, कॉलर पांढरी करायचा, मागची गर्दी एअरब्रशने पुसट करायचा. असा जुना प्रिंट उजेडात तिरका धरला की चकचकीत कागदावर रंगाचा मॅट थर वेगळा उठून दिसतो, कडेला कुठे काय कापायचं त्याच्या मेणपेन्सिलच्या खुणा असतात. नुसता फोटो बघून हे काम कळत नाही, हातात घेऊनच कळतं.

पण ब्रश तोच आणि हात तोच, त्यामुळे जे घडलंच नाही ते दाखवणंही तितकंच सोपं होतं. न्यूयॉर्कच्याच 'इव्हनिंग ग्राफिक'ने (१९२४-१९३२) तर त्याला 'कंपोझोग्राफ' असं नावच दिलं. १९२५ च्या ऱ्हाइनलँडर खटल्यात (बायकोने आपला वंश लपवला म्हणून नवऱ्याने लग्न रद्द करायला घातलेला) तिला ज्यूरीसमोर अंग उघडं करून दाखवावं लागलं, त्या प्रसंगाचा फोटो मिळणं शक्य नव्हतं, तो त्यांनी ऑफिसात माणसं उभी करून काढला आणि वर खऱ्या लोकांचे चेहरे चिकटवले, आणि एका बाईची कोर्टातली बेअब्रू अशी घरोघरी पोचवली.

सोव्हिएत युनियनमध्ये गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह मर्जीतून उतरला तसा कालव्याकाठी स्टालिनच्या शेजारून फोटोतूनही गेला, त्याच्या जागी पाणी रंगवलं. फोटोग्राफर येव्हगेनी खाल्देईचा २ मे १९४५ चा राइशस्टागवरच्या, म्हणजे बर्लिनच्या संसद इमारतीवरच्या, सोव्हिएत झेंड्याचा फोटो 'अगन्योक' साप्ताहिकात छापून आला तो असाच. झेंडा लावणाऱ्याला खालून धरलेल्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं दिसत होती, म्हणजे लूटमारीचा संशय, म्हणून एक घड्याळ सुईने निगेटिव्हवर खरवडून काढलं. मागचा धूरही नंतर वाढवला. मला विचाराल तर धुरापेक्षा ते घड्याळ जास्त महत्त्वाचं, कारण धुराने फोटो फक्त भारदस्त झाला, घड्याळाबरोबर मात्र एक साक्ष गेली.

काही बदल तर कोणी केले तेही सापडत नाही. १९७० साली अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तिथे मृतदेहाशेजारी आक्रोश करणाऱ्या १४ वर्षांच्या मुलीचा जॉन फिलोने काढलेला फोटो पुलित्झर मिळवून गेला. त्यात तिच्या डोक्यामागे कुंपणाचा एक खांब आहे. १९९५ मध्ये 'लाइफ' मासिकात तोच फोटो पुन्हा आला तेव्हा खांब नव्हता, कारण त्यांच्याकडे आलेल्या प्रतीतूनच तो आधी कोणीतरी काढून टाकला होता.