कोकणातल्या विहिरीचं मे महिन्यातलं पाणी काय सांगतं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल उजाडला की सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यावरच्या, वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. कोणी म्हणतं पाऊस बदलला, कोणी म्हणतं बोअरिंगांनी पाणी ओढलं. दोन्ही खरं असू शकतं. कुठल्या गावात काय खरं, हे मोजल्यावरच कळतं.

मोजणीची सुरुवात साध्या टेपने होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत नोंदवते. मे ते ऑक्टोबर पातळी जितकी चढली, तिला खडकाच्या पाणी सोडण्याच्या क्षमतेने गुणायचं. जांभ्यासाठी ही क्षमता साधारण २.५ टक्के धरतात. म्हणजे विहीर ५ मीटर चढली, तर जमिनीत साठलेलं पाणी भरतं फक्त १२५ मिलिमीटर! जांभा सच्छिद्र असल्यामुळे तो लवकर भरतो आणि लवकर गळतोही. एकदा भरला की पुढचा पाऊस पऱ्यांतून, म्हणजे ओहोळांतून, थेट खाडीला जातो. म्हणूनच कोकणात वर्षाच्या एकूण पावसापेक्षा तो कधी संपला आणि पुन्हा कधी सुरू झाला, याचं मला जास्त महत्त्व वाटतं. ऑक्टोबरची पातळी बहुतेक वर्षी सारखीच चांगली दिसते. खरी गोष्ट मे महिन्याची नोंद सांगते.

हवामान आणि उपसा यांचा वाटा वेगळा कसा काढायचा? त्यासाठी पाऊस आणि पातळी यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवतात. पाऊसमान तेच, पण मे महिन्यातली पातळी वर्षागणिक खाली जात असेल, तर संशय उपशावर, किंवा पाणी मुरण्याची जागा खाणीने, बांधकामाने घेतली असेल त्यावर. बोअरिंगांपासून दूरची विहीरही तशीच उतरत असेल, तर पावसाकडे पाहावं लागतं. एका वाईट उन्हाळ्यावरून निष्कर्ष काढू नये. मान-केंडाल ही सांख्यिकी चाचणी उतार खरा की योगायोगाचा, हे तपासते.

२००२ पासून ग्रेस आणि नंतर ग्रेस-एफओ या उपग्रह जोड्या गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून भूजलाचा अंदाज देत आल्या आहेत. मात्र त्यांची नजर काहीशे किलोमीटरच्या पट्ट्याची. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली आपली चिंचोळी पट्टी त्यांना वेगळी दिसतच नाही. इथे विहिरीला पर्याय नाही.

किनाऱ्यावर पातळीइतकाच खारेपणाही मोजायला हवा. गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर ते १ मीटर असेल, तर ढोबळमानाने खाली ४० मीटरपर्यंत असतं. त्यामुळे आगरातल्या पंपाने पातळी अर्धा मीटर उतरवली, तरी कालांतराने खालचं खारं पाणी २० मीटर वर सरकू शकतं. जिभेला चव लागण्याआधीच, खारेपणासोबत वाढणारी विद्युतवाहकता मोजणारं हातातलं यंत्र हे सांगतं. त्या यंत्राची दर आठवड्याची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत पडली, तर उपसा कधी थांबवायचा हे माड पिवळे पडण्याआधी ठरवता येईल.