नोव्हेंबरातली धाकधूक : केंटकीच्या नवख्या संघांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरात कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो, असे फक्त वेळापत्रक म्हणते. केंटकी विद्यापीठाच्या संघाचा पहिला जाहीर सराव, म्हणजे ‘बिग ब्लू मॅडनेस’, ऑक्टोबरमध्ये होतो आणि त्याची तिकिटे मिळावीत म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे मेमोरियल कोलिझियम या क्रीडागृहाच्या आवारात तंबू ठोकून रात्री काढल्या आहेत. सामना नव्हे, सराव पाहण्यासाठी. १९८२ साली प्रशिक्षक जो बी. हॉल यांच्या काळात सुरू झालेली ही प्रथा एकदा कळली, की सराव सामन्यात हातून सुटलेला चेंडूही त्या गावात काळजीचा विषय का होतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

काळजी करणे हा तिथल्या चाहत्यांचा जुनाच स्वभाव आहे. प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप यांच्या काळात चार आणि त्यानंतर आणखी चार, अशी आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेल्या संघाकडून अपेक्षाही तशाच असणार. मात्र २००९ नंतरच्या दीड दशकात या काळजीला वेगळे रूप आले, कारण दर वर्षी जवळजवळ संपूर्ण संघच नवा येऊ लागला. अठरा-एकोणीस वर्षांची, एकमेकांशी धड ओळखही नसलेली मुले जूनमध्ये एकत्र यायची, नोव्हेंबरात देशातल्या बलाढ्य संघांसमोर उभी राहायची आणि पुढच्या एप्रिलपर्यंत त्यांतली बरीचशी व्यावसायिक खेळाकडे निघूनही जायची. अशा संघाचे पहिले काही सामने अडखळत झाले, की तो अडखळा वयाचा आहे की मुळातच काही कमी आहे, या प्रश्नाने चाहत्यांची झोप उडायची.

ही परिस्थिती एका नियमातून निर्माण झाली, पण त्या नियमाआधीचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. १९७२पर्यंत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या मुख्य संघात खेळताच येत नसे. त्यांचा वेगळा संघ असे. नोव्हेंबर १९६५मध्ये लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठात नव्या पॉली पॅव्हिलियनच्या शुभारंभाला प्रथम वर्षाच्या संघाने, लागोपाठ दोन वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या स्वतःच्याच मुख्य संघाला ७५–६० असे हरवले. त्या नवख्यांमध्ये ल्यू अल्सिंडर होता, पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झालेला, आणि त्याने एकट्याने ३१ गुण केले. तरीही त्या वर्षी त्याला मुख्य संघाची जर्सी मिळाली नाही. १९७२–७३च्या हंगामापासून ही अट गेली. दरम्यान १९७१मध्ये स्पेन्सर हेवूडच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि कॉलेजची चार वर्षे पूर्ण होण्याआधी एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, जाण्याचा मार्ग खुला झाला.

१९९५मध्ये केव्हिन गार्नेट आणि १९९६मध्ये कोबी ब्रायंट शाळेतून थेट एनबीएत गेले, २००३मध्ये लेब्रॉन जेम्स तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला. शाळकरी मुलांवर कोट्यवधी डॉलर लावण्याचा हा जुगार संघमालकांना नकोसा झाला आणि २००५च्या करारात वयाची अट आली : ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूने १९ वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि अमेरिकी खेळाडूच्या बाबतीत त्याची शाळेची तुकडी बाहेर पडून किमान एक वर्ष झालेले असावे. २००६पासून ही अट लागू झाली. तिचा हेतू कॉलेजांचे भले करण्याचा मुळीच नव्हता. पण तिच्यामुळे देशातली सर्वात गुणवान मुले एका वर्षापुरती कॉलेजच्या दारात येऊन उभी राहिली.

या एका वर्षाचा सर्वाधिक उपयोग जॉन कॅलिपरी यांनी करून घेतला. मेम्फिस विद्यापीठात असताना त्यांनी डेरिक रोझ या प्रथम वर्षाच्या पॉइंट गार्डच्या (खेळाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूच्या) बळावर २००८च्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली होती. तो संघ हंगामभर फ्री थ्रोमध्ये, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या एका गुणाच्या मोकळ्या फेकीत, कच्चा होता आणि चाहते, समालोचक ते सतत बोलून दाखवत होते. कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटची दोनेक मिनिटे उरली असताना मेम्फिसकडे नऊ गुणांची आघाडी होती. त्यानंतर फ्री थ्रो हुकत गेले, २.१ सेकंद बाकी असताना मारियो चाल्मर्सने तीन गुणांची बास्केट करून बरोबरी साधली आणि अतिरिक्त वेळेत सामना ७५–६८ असा हातचा गेला. (पात्रतेच्या वादातून मेम्फिसचा तो अख्खा हंगाम पुढे नोंदींतूनही पुसला गेला, पण तो वेगळा विषय.) कॅलिपरी यांच्या पुढच्या प्रत्येक संघाच्या फ्री थ्रोंकडे चाहते एवढे डोळ्यांत तेल घालून का पाहत राहिले, याचे मूळ त्या रात्रीत आहे.

२००९मध्ये कॅलिपरी केंटकीत आले. त्यांच्या नव्या संघातल्या प्रथम वर्षाच्या जॉन वॉलचा पहिला अधिकृत सामना ओहायोतल्या मायामी विद्यापीठाशी होता आणि एवढा गाजावाजा झालेला संघ शेवटच्या क्षणी वॉलनेच केलेल्या बास्केटमुळे ७२–७० असा कसाबसा सुटला. त्या संघाने पुढे ३५ सामने जिंकले. पण वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध उपान्त्य फेरीच्या उंबरठ्यावर तीन गुणांचे ३२ प्रयत्न केले आणि त्यांतले केवळ चार साधले. पहिले वीस तर ओळीने चुकले. त्या संघातले पाच जण त्याच वर्षी एनबीए ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडले गेले. २०१२मध्ये अँथनी डेव्हिस आणि मायकेल किड-गिलख्रिस्ट यांच्या संघाने ३८–२ अशा कामगिरीसह विजेतेपद मिळवले तेव्हा शंकेखोरांची तोंडे बंद झाली, मात्र त्या संघात डॅरियस मिलरसारखा चौथ्या वर्षाचा आणि टेरेन्स जोन्स, डोरॉन लॅम्बसारखे दुसऱ्या वर्षाचे खेळाडू होते, हे उत्सवात विसरले गेले. पुढच्याच वर्षी हंगामपूर्व क्रमवारीत तिसऱ्या असलेल्या संघाचा नर्लेन्स नोएल फेब्रुवारीत गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला, केंटकीला राष्ट्रीय स्पर्धेत जागाच मिळाली नाही आणि दुय्यम एनआयटी स्पर्धेत रॉबर्ट मॉरिस या छोट्या विद्यापीठाने पहिल्याच फेरीत ५९–५७ असे घरी पाठवले.

अशा पार्श्वभूमीवर २०१३चा संघ आला. देशातल्या सर्वोत्तम शालेय खेळाडूंत गणले जाणारे सहा ‘मॅक्डोनल्ड्स ऑल-अमेरिकन’ खेळाडू एकाच वर्षी : ज्युलियस रँडल, अँड्र्यू आणि अ‍ॅरन ही हॅरिसन जुळी भावंडे, जेम्स यंग, डकारी जॉन्सन, मार्कस ली. असोसिएटेड प्रेसच्या हंगामपूर्व क्रमवारीत हा संघ पहिला होता आणि बाजारात ‘४०–०’ असे छापलेले टी-शर्ट आले होते. म्हणजे एकही सामना न हरता विजेतेपद. सराव सामने मात्र लेक्सिंग्टनमधल्याच ट्रान्सिल्व्हेनिया या छोट्या कॉलेजाशी आणि अलाबामातल्या माँटेव्हॅलोशी होते. अशा सामन्यांत निकाल ठरलेलाच असतो, त्यामुळे जाणकार चाहता गुणफलक बाजूला ठेवून बाकीचे पाहतो : बचावात एक जण चकल्यावर दुसरा त्याची जागा घ्यायला धावतो का, पॉइंट गार्ड मान वर करून पास शोधतो की स्वतःच घुसतो, आणि फ्री थ्रोच्या रेषेवर उभे राहिल्यावर हात सैल पडतात का.

१२ नोव्हेंबर २०१३ रोजी शिकागोत मिशिगन स्टेटविरुद्ध या तिन्ही शंकांचा निकाल एका रात्रीत लागला. अनुभवी मिशिगन स्टेटने सुरुवातीलाच १०–० अशी आघाडी घेतली. रँडलने २७ गुण आणि १३ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) अशी डोळे दिपवणारी कामगिरी केली, पण आठ वेळा चेंडूही गमावला. केंटकीला ३६ फ्री थ्रो मिळाले, त्यांतले २० साधले. सामना ७८–७४ असा चार गुणांनी गेला आणि हुकलेले फ्री थ्रो सोळा होते. टी-शर्टांचा विषय त्या रात्रीपुरता नव्हे, हंगामापुरता संपला.

त्यानंतर डिसेंबरात बेलर आणि नॉर्थ कॅरोलायनाकडून पराभव झाले, आणि मार्चच्या पहिल्या दिवशी तर साउथ कॅरोलायनासारख्या, केंटकीच्याच विद्यापीठ-गटाच्या तळाशी असलेल्या संघाने हरवले. त्या सामन्यात कॅलिपरी यांना पंचांनी बाहेर काढले. चाहत्यांची काळजी तोवर संतापाकडे झुकली होती आणि तिचा रोख बहुतेक वेळा अँड्र्यू हॅरिसनवर असे, कारण पॉइंट गार्डचा पडलेला चेहरा दूरचित्रवाणीवर सर्वांत जास्त दिसतो. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खांदे पाडून चालण्यावर एवढी चर्चा व्हावी, हे आज वाचताना खटकते.

मग ज्या बदलाची वाट पाहिली जात होती तो अगदी शेवटी घडला. गटस्पर्धेच्या सुमारास कॅलिपरी यांनी एक ‘छोटा बदल’ केल्याचे सांगितले आणि तो काय, हे गुलदस्त्यात ठेवले. तो बदल एवढाच होता की अँड्र्यूने स्वतः बास्केट मारण्याऐवजी आधी पास द्यावा, हे हंगामानंतर उघड झाले. गटस्पर्धेच्या अंतिम सामन्यात केंटकी फ्लोरिडाकडून एका गुणाने हरली आणि राष्ट्रीय स्पर्धेत तिला आठवे मानांकन मिळाले. तिथे तिने तोवर ३५–० असलेल्या विचिटा स्टेटला ७८–७६, गतविजेत्या लुईव्हिलला ७४–६९ आणि मिशिगनला ७५–७२ असे हरवले. उपान्त्य सामन्यात विस्कॉन्सिनवर ७४–७३ अशी मात केली, तीही ५.७ सेकंद बाकी असताना अ‍ॅरन हॅरिसनने लांबून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटमुळे. त्या सामन्यात विस्कॉन्सिनने २० पैकी १९ फ्री थ्रो साधले होते आणि त्यांच्या पराभवाचे अंतर एकाच गुणाचे राहिले होते.

अंतिम सामन्यात पाचही प्रथम वर्षाचे खेळाडू सुरुवातीला उतरवणारा १९९२च्या मिशिगननंतरचा हा पहिलाच संघ. कनेक्टिकटने तो सामना ६०–५४ असा जिंकला. त्यांनी दहापैकी दहा फ्री थ्रो साधले. केंटकीने चोवीसपैकी तेरा. नोव्हेंबरात चाहत्यांनी बोट ठेवलेल्या तीन दोषांपैकी बचाव सुधारला होता, पासही जाऊ लागले होते. पाच महिन्यांत न सुधारलेला तिसरा दोष होता, आणि सहा गुणांच्या पराभवात अकरा फ्री थ्रो हुकले होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासात चाहत्यांच्या धाकधुकीच्या बाजूने इतका भक्कम पुरावा दुसरा नाही : एकमेकांची सवय सहवासाने होते, पण नेम त्या गतीने येत नाही.

याच मुलांतली बरीच जण दुसऱ्या वर्षासाठी थांबली, २०१४च्या ऑगस्टमध्ये बहामाजला सहा सामने खेळून आली (कॉलेज खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएच्या नियमानुसार असा परदेश दौरा चार वर्षांतून एकदाच करता येतो) आणि नंतर ३८ सामने ओळीने जिंकून विस्कॉन्सिनकडून उपान्त्य सामन्यात हरली. दौरा म्हणजे हमी, असा समज त्यातून पसरला. २०१८मध्ये नव्या संघाने बहामाजमध्ये चारही सामने जिंकले तेव्हा तो बळावला आणि ६ नोव्हेंबरला इंडियानापोलिसमध्ये झायन विल्यमसन व आर. जे. बॅरेट यांच्या ड्यूकने ११८–८४ असा धुव्वा उडवला तेव्हा मोडला. गंमत अशी की मार्चमध्ये हे दोन्ही संघ एकाच फेरीत, उपान्त्य फेरीच्या एक पायरी आधी, बाहेर पडले. २०२०मध्ये महामारीमुळे सराव सामनेच झाले नाहीत. त्या नवख्या संघाने पहिल्या सातपैकी सहा सामने गमावले आणि हंगाम ९–१६ असा संपला. लटपटत खेळायलाही जागा हवी असते, ती त्या वर्षी मिळाली नव्हती.

त्यानंतर पायाच बदलला. २०२१पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागले, स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि महामारीमुळे दिलेल्या जादा वर्षाने मैदानावर तेवीस-चोवीस वर्षांचे खेळाडू दिसू लागले. मार्च २०२४मध्ये केंटकीच्या गुणवान नवख्यांसमोर ओकलंड विद्यापीठाच्या जॅक गोल्की या अनुभवी नेमबाजाने तीन गुणांच्या दहा बास्केट केल्या आणि केंटकी ८०–७६ अशी पहिल्याच फेरीत गारद झाली. काही आठवड्यांत कॅलिपरी आर्कान्सासला गेले. १९९६च्या विजेत्या संघातले मार्क पोप प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी अख्खा संघ नव्याने उभारला, पण बहुतांशी इतर विद्यापीठांतून आलेल्या, चार-चार वर्षे खेळलेल्या मुलांचा.

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी अटलांटात त्यांची गाठ ड्यूकशी पडली. या वेळी कोवळा संघ समोरचा होता. त्यांचा कूपर फ्लॅग तर अजून सतरा वर्षांचाच होता आणि त्याने २६ गुण, १२ रिबाउंड मिळवले होते. शेवटच्या काही सेकंदांत ७२–७२ अशी बरोबरी असताना त्याच्या हातून चेंडू निसटला, केंटकीच्या ओटेगा ओवेने तो हिसकावून धाव घेतली आणि त्याच्यावर फाउल झाला. ओवे फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभा राहिला. दोन्ही आत गेले.